दुसरी प्रत

माझी बायको मंगळवारी सकाळी वारली. मी तेव्हा हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. वर आलो तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. मी तिला वाचून दाखवत होतो ते पुस्तक उशीजवळ होतं. नर्सने ते माझ्या हातात दिलं आणि बाहेर थांबायला सांगितलं.

त्यानंतरचं मला क्रमाने आठवत नाही. मी सह्या केल्या. मुलीला बंगळूरला फोन केला, आणि फोन उचलल्यावर काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं. मेहुणी सांगते की ते पुस्तक दिवसभर माझ्या काखेत होतं, आणि स्मशानात तिच्या नवऱ्याने ते हळूच काढून घेऊन गाडीत ठेवलं. मला हे आठवत नाही, पण खोटं असण्याचं कारण नाही.

पुस्तक म्हणजे एक रहस्यकथा. जाड, पानं पिवळी पडलेली. भाईंदर स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून मीच कधीतरी आणलेली आणि न वाचता ठेवून दिलेली. डोंगरावरच्या एका गेस्ट हाउसमध्ये एक म्हातारा मालक मरतो, दरड कोसळून रस्ता बंद होतो, आणि जे कोणी आत आहेत त्यांच्यातच खुनी असतो. बायको वाचणारी नव्हती. पुस्तकं माझी, कॉम्प्युटर तिचा, अशी आमच्या घराची वाटणी होती. पण हॉस्पिटलमध्ये तिचे डोळे मोबाइलने दुखायला लागले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या ढिगातलं काहीतरी आण आणि वाच. कविता नको. खून असला तर बरं."

तिची अट होती. घरी जाऊन पुढचं वाचायचं नाही.

"तू वाचलंस तर तुझ्या आवाजावरून मला कळेल कोणी मारलं ते."

मी वाचलं नाही. त्यामुळे तो म्हातारा कोणी मारला हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ती गेली तेव्हाही नव्हतं.

आता पुस्तकांच्या वाटणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासतो. घरी बसून करायचं काम आहे. आम्ही दादरहून इथे, मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या बाजूला राहायला आलो ते मुख्यतः माझ्या पुस्तकांना भिंती मिळाव्यात म्हणून. बायको मूळची इथलीच, भाईंदर पूर्वेच्या खारी गावातली. तिला या येण्याचं काही अप्रूप नव्हतं. "लोक मुंबईत जायला धडपडतात, मी नवऱ्याला घेऊन उलटी आले," असं ती सांगायची. तिचं काम एका विमा कंपनीत, डेटाबेस सांभाळण्याचं. घरात कपाटं भरली, मग कपाटांवर, मग माळ्यावर, मग पलंगाच्या बॉक्समध्ये पुस्तकं गेली. पुढे रांग, तिच्यामागे दुसरी रांग. आपल्याकडे काय आहे हे मला कळेनासं झालं आणि मी तीच तीच पुस्तकं पुन्हा विकत आणू लागलो. एकदा एक चरित्र तिसऱ्यांदा आणलं. तिने तिन्ही प्रती जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या, माझं ताट त्यांच्या पलीकडे ठेवलं आणि म्हणाली, "नशीब, या घरात बायकोची एकच प्रत आहे."

मग तिने सुट्टीच्या दिवसांत बसून माझ्यासाठी एक प्रोग्राम केला. मी कपाटातून पुस्तक काढून नाव वाचायचं, तिने टाइप करायचं. किती सुट्ट्या त्यात गेल्या देव जाणे. शेवटी माझ्या मोबाइलवर एक निळा चौकोन आला. त्यात पुस्तकाचं नाव लिहायचं, लेखकाचं नाव लिहायचं आणि "आहे का?" असं लिहिलेलं बटण दाबायचं. खाली "आहे" किंवा "नाही" असं उत्तर येत असे. बाकी काही नाही.

मी म्हटलं, "कुठल्या कपाटात आहे ते सांगत नाही का? किती प्रती आहेत ते?"

"कशाला? दुकानात उभं राहून तुला एवढंच कळायला हवं ना, की घ्यायचं की नाही?"

"तरी, माहिती असलेली बरी."

"हेच," ती म्हणाली. "हेच आमच्या ऑफिसातली नवी पोरं करतात." आणि मग ती सुरू झाली. एखाद्या माणसाचा क्लेम आधीच आलेला आहे का, एवढाच प्रश्न असतो. पोरं काय करतात, सगळ्या नोंदी मोजतात आणि मग बघतात की आकडा शून्याहून मोठा आहे का. लाखो ओळी पालथ्या घालतात. मशीन बिचारं दमतं. "अरे, तुला म्हटलं फ्रिजमध्ये दूध आहे का बघ, तर तू दार उघडशील, पिशवी दिसली की बंद करशील. सगळ्या पिशव्या काढून ओट्यावर मांडशील का?"

"मांडेनसुद्धा."

"तू मांडशील. म्हणून तुला बटण करून दिलं." मग म्हणाली, "पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबायचं. आहे म्हणायला एक पुरते."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर मग सगळं बघावं लागतं. नाही म्हणणं महाग असतं." ते तिला स्वतःलाच पटलं नसावं, कारण लगेच पुढे म्हणाली, "इंडेक्स नसेल तर. मी इंडेक्स केलाय. तुला 'नाही'सुद्धा पटकन मिळेल."

इंडेक्स म्हणजे काय ते तिने मला पुस्तकाच्या मागच्या सूचीवरून समजावलं. मला ते समजलं असं वाटलं. ती बोलत असताना मला नेहमी समजायचं.

ती गेल्यावर मुलगी तीन आठवडे राहिली. जाताना तिने हॉस्पिटलमधून आणलेली पिशवी रिकामी करायला घेतली. थर्मास, शाल, कंगवा, आणि ते पुस्तक. पुस्तकाला हॉस्पिटलचा वास येत होता. निदान मला येत होता. मुलीने हुंगून सांगितलं की जुन्या कागदाचा वास आहे. मी म्हटलं, नाही, हा तोच वास आहे. आम्ही त्यावर वाद घातला नाही. तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि मी ते रोज एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवत राहिलो.

आमच्या सोसायटीत एक वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे टेबल टेनिसच्या खोलीतली तीन लोखंडी मांडण्यांची जागा. ते एक गुजराती काका चालवतात. कापडाचा धंदा मुलांच्या हाती देऊन मोकळे झालेले. मराठी, हिंदी, गुजराती, कसलंही पुस्तक चालतं, वर्गणी नाही, रजिस्टर नाही. न्यायचं आणि आणून ठेवायचं. फक्त पुस्तक देताना त्यांचा एक नियम असतो. मी पहिल्यांदा पिशवी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती घेतलीच नाही.

"सर, डबल है क्या?"

"म्हणजे?"

"आपके पास इसकी दूसरी कॉपी है? डबल हो तो दो. सिंगल मैं नहीं लेता." माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला. "बुरा मत मानना. घर में कोई जाता है तो लोग सब उठा के दे देते हैं. छह महीने में आते हैं, काका, वो वाली किताब वापस मिलेगी? तब तक वो किताब कहां की कहां. इसलिए बोलता हूं, सिंगल घर में रखो."

हा नियम मला फार आवडला. माझ्यासारख्या माणसासाठीच तो केलेला होता. डबल तर माझ्याकडे असणारच होती. आणि डबल आहे का हे बघायला बायकोने करून दिलेलं बटण होतं.

मी घरी येऊन कपाटासमोर खुर्ची ओढली. एक पुस्तक काढायचं, नाव लिहायचं, बटण दाबायचं. आहे. बाजूला ठेवायचं. दुसरं काढायचं. आहे. ते बटण दाबताना मला बरं वाटत होतं हे कबूल करायला हवं. उत्तर तीच देते आहे असं वाटायचं, आणि ती मला नकार देत नव्हती. मग मी ती रहस्यकथा हातात घेतली. मनात म्हटलं, ही एक जर डबल असली तर फार बरं होईल. हॉस्पिटलचा वास असलेली प्रत जाईल, बिनवासाची घरात राहील, आणि कधी धीर झाला तर उरलेलं त्यातून वाचता येईल.

नाव लिहिलं. बटण दाबलं.

आहे.

मी पुस्तकं पिशव्यांत भरून खाली नेऊन दिली. काकांनी प्रत्येकावर हात ठेवून विचारलं, "डबल?" मी म्हणालो, "डबल."

धीर व्हायला बराच काळ गेला. पितृपक्ष येऊन गेला. एका दुपारी जेवण झाल्यावर मला वाटलं की आज वाचावं. आम्ही सोडलं तिथून. दुसरी प्रत शोधायला मी उठलो.

ती कपाटात नव्हती. मागच्या रांगेत नव्हती. मी माळ्यावरचे खोके उतरवले, पलंगाची फळी उचलली. नव्हती. मोबाइल काढून पुन्हा विचारलं. आहे. मला वाटलं माझंच बघायचं चुकतं आहे. मी मुद्रितं तपासणारा माणूस, डोळ्यांखालून गेलेलं निसटतं हे मला माहीत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मग दिलेल्या पुस्तकांपैकी आठवली त्यांच्याही दुसऱ्या प्रती शोधून पाहिल्या. त्यांपैकी एकाही पुस्तकाची प्रत घरात नव्हती. फोन मात्र प्रत्येकाला "आहे" म्हणत होता.

इथून पुढे मी काय काय विचार केले ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. प्रोग्राम खोटं बोलणार नाही, कारण तो तिने केला होता. म्हणजे प्रती होत्या. घरात नव्हत्या, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी होत्या. कुठेतरी माझ्या पुस्तकांचं दुसरं कपाट होतं, आणि ते तिने लावलं होतं. पण कुठे? ऑफिसात? आणि का? ती तर वाचत नव्हती. की वाचत होती आणि मला कळू देत नव्हती? मी वाचलेलं तीही मागून वाचत होती, आपली वेगळी प्रत घेऊन? हे सुचल्यावर मला इतका आनंद झाला आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की मी उठून पंखा बंद केला. तो का बंद केला ते कळलं नाही. मग पुन्हा लावला.

ऑफिसात फोन केला. तिचं सामान त्यांनी आधीच एका खोक्यात घालून पाठवलं होतं, त्यात चहाचा एक मग आणि दोन कुंड्या होत्या. पुस्तकांबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं. मग मी खारीला गेलो.

खारी आता सगळ्या बाजूंनी इमारतींनी वेढलेलं आहे, पण मेहुणीच्या घरापुढे अजून अंगण आहे. ती बायकोची धाकटी बहीण. ती वाल सोलत बसली होती. मी तिला विचारलं की बायकोने इथे काही पुस्तकं आणून ठेवली आहेत का.

"पुस्तकं?" तिने हात थांबवले. "हितं?"

"बरीच असतील. एखादी पेटी वगैरे."

"दाजी, तुमचं डोकं ठिकानावर हाय ना? तिनं हितं पुस्तकं आनली असती तर आईनं त्यांच्यावर सुकट वाळवली असती."

"एकदा बघशील का पण? माळ्यावर?"

"न्हाय म्हंजे न्हाय. माझ्या घरात काय हाय नि काय न्हाय, ते मना उठून बघाया लागत न्हाय." मग तिला माझा चेहरा दिसला असावा. तिने वाल बाजूला ठेवले, आत गेली, माळ्यावर चढली, वरून ओरडून सांगितलं, "न्हाय वं, दाजी! हंडं हायत नुसतं!" आणि खाली येऊन मला जेवायला बसवलं. जेवताना म्हणाली, "ताई तुमची पुस्तकं वाचायची न्हाय. पर कंदी कोनी तुम्हाला हसलं ना, की तिला राग यायचा. ती हसली तर चालायचं."

मी रिक्षाने परत आलो. येताना वाटलं, उगाच गेलो.

मुलीचा रोज संध्याकाळी फोन येतो. मी जेवलो का, औषध घेतलं का, असे तिचे प्रश्न ठरलेले असतात. त्या संध्याकाळी मी तिला हे सगळं सांगितलं. तीही आईच्याच धंद्यात आहे. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, "बाबा, तू बटण दाबायचास तेव्हा पुस्तक कुठे असायचं?"

"माझ्या हातात."

"घरातलंच ना? कपाटातून काढलेलं?"

"हो. मग?"

"मग ते यादीत आहेच ना, बाबा. त्याला तेच सापडलं. तुझ्या हातातलं."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "पण मी दुसऱ्या प्रतीबद्दल विचारत होतो."

"तू विचारत होतास. त्याला ते कसं कळणार? त्याला एवढंच येतं, हे नाव यादीत आहे का. पहिली ओळ मिळाली की ते थांबतं, आईने तसंच लिहिलंय. दुकानात ते बरोबर चालायचं, कारण दुकानातलं पुस्तक यादीत नसायचं. घरात विचारायचं तर सांगावं लागतं, हे सोडून दुसरं आहे का. स्वतःला वगळायचं असतं. आमच्याकडेही नवीन मुलं ही चूक करतात."

"तुझी आई असं म्हणाली नव्हती."

"आईला काय माहीत तू घरातलीच पुस्तकं विचारत बसशील?" मग ती जरा हळू बोलली. "हे बघ. तू आता हॉलमध्ये उभा राहून विचारलंस, घरात कोणी आहे का, तर उत्तर काय येईल?"

मी हॉलभर नजर फिरवली.

"आहे असंच येईल ना? कारण तू आहेस."

"हो," मी म्हणालो. "आलं लक्षात."

ते खरोखरच लक्षात आलं होतं. फोन ठेवल्यावर मी हॉलमध्येच उभा होतो.

सकाळी मी खाली काकांकडे गेलो. मला वाटलं होतं की ते म्हणतील, मैंने बोला था. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी आधी मांडण्या बघितल्या. माझी बाकीची पुस्तकं होती, काही वरती, काही आडवी. ती रहस्यकथा नव्हती.

"कौन ले गया?" मी विचारलं.

"वो तो, सर, रजिस्टर है नहीं." त्यांनी कपाळावर हात मारला. "खून वाली किताब टिकती नहीं, पहले दिन ही उठ जाती है. रुको, ग्रुप में डालता हूं."

त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकला. पुस्तकाचं नाव, मुखपृष्ठावर गेस्ट हाउसचं चित्र, सरांची घरची आठवण आहे, ज्याच्याकडे असेल त्याने परत करावं. टाकल्या टाकल्या उत्तरं येऊ लागली. ए विंगमधून, हमारे पास नहीं है काका. बी विंगमधून, नाही. कोणी लिहिलं, हमने तो कभी ली ही नहीं. कोणी हात जोडलेले टाकले. एकाने विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार. मग पुन्हा नाही, नाही, नथी, नहीं है. फोन टेबलावर थरथरत राहिला.

काकांनी तोंडाजवळ फोन धरून दुसरा निरोप टाकला. "अरे भाई, जिसके पास नहीं है वो चुप बैठो ना! जिसके पास है, वो एक आदमी बोले! बस!"

मला हसू आलं. ती गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. हसताना मला वाटलं की हे तिला सांगायला हवं, ऑफिसातल्या त्या पोरांच्या गोष्टींसारखीच गोष्ट होती ही. ते वाटणं पूर्ण व्हायला जितका वेळ लागला तेवढा वेळ मी हसत होतो.

तो एक माणूस ग्रुपवर बोललाच नाही. दोन-तीन दिवस असेच गेले. मी रोज खाली जाऊन विचारत होतो आणि काका मान हलवत होते. मला रात्री वाटायचं की ते कोणीतरी गावी नेलं असेल, गाडीत विसरलं असेल, रद्दीत घातलं असेल. जे रद्दीतून आलं ते रद्दीत गेलं तर तक्रार कोणाकडे करणार? तो म्हातारा कोणी मारला हे कळलं नाही तर काय मोठं बिघडणार आहे, असंही स्वतःला विचारून पाहिलं. पण तिने विचारलं होतं कोणी मारला ते. मला नाही, सगळ्या पात्रांना, एकेकाला, पडल्या पडल्या.

मग एक दिवस काकांचा फोन आला. "सर, जल्दी आओ. किताब खुद चल के आई है."

खाली एक आजी बसल्या होत्या. सी विंगमध्ये मुलाकडे राहतात, रत्नागिरीकडच्या. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. ग्रुपवर त्यांचा मुलगा आहे, त्या नाहीत, आणि मुलगा टँकरशिवायचे निरोप वाचत नाही. पुस्तक परत ठेवायला त्या आपणहून उतरल्या होत्या.

"तुमचं होय हे, भाऊ?" त्या म्हणाल्या. "अहो, दोनदा वाचलं मी. पहिल्यांदा माझ्या लक्षातच आलं नाही की तो जो—"

"थांबा!" मी इतक्या जोरात म्हणालो की काकांच्या हातातली पुस्तकं पडली. "नका सांगू. प्लीज. मी वाचलेलं नाही."

"वाचलं नाही? आणि देऊन टाकलंत?"

"अर्धं वाचलंय."

"खुनाचं पुस्तक अर्ध्यावर कोण देऊन टाकतं हो?"

"मला वाटलं घरात दुसरं आहे."

"आणि नव्हतं?"

"नव्हतं."

आजींनी पुस्तक पदराने पुसलं आणि माझ्याकडे दिलं. "बरं. काही सांगत नाही मी," त्या म्हणाल्या. मग निघताना दारातून म्हणाल्या, "पण त्या घड्याळाकडे लक्ष ठेवा हं." आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

काकांनी विचारलं की बाकीची पुस्तकंही वर पाठवू का. मी म्हटलं, राहू द्या, लोक वाचतायत.

घरी येऊन मी पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की खूण नव्हती. गोळ्यांचं एक रिकामं पाकीट दुमडून मी खुणेला ठेवलं होतं. आजींनी कचरा समजून टाकलं असणार. मीही तसंच केलं असतं. वास मात्र गेला होता. आता पानांना थोडा कापराचा वास येत होता.

आम्ही कुठपर्यंत आलो होतो?

मला हे माहीत नव्हतं. मी शेवटच्या दिवसांत सलग वाचलंच नव्हतं, थोडं वाचायचो, डॉक्टर यायचे, ती झोपायची, पुन्हा वाचायचो. मी पहिल्या पानापासून सुरुवात करणार होतो. मग सगळ्या पिशव्या ओट्यावर मांडण्याबद्दलचं तिचं बोलणं आठवलं आणि पुस्तक मधूनच उघडलं. तिथे स्वयंपाकीण डॉक्टरला सांगते की कपात साखर नव्हती. इथे बायको म्हणाली होती, "ही बाई साधी नाही." ते मला स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे एवढं वाचून झालं होतं, मागचं बघायची गरजच नव्हती. पुढे गेलो. पुतण्या कंदील घेऊन बाहेर जातो, तिथे ती म्हणाली होती, "मूर्ख आहे, पण मारणार नाही." आणखी पुढे गेलो. दरडीपलीकडून निरोप येतो, तिथे ती हसली होती आणि खोकला आला होता, मग मी पाणी दिलं होतं.

त्यापुढच्या पानांवर तिचा शब्द नाही.

पण तिचा शब्द नाही म्हणजे मी ती पानं वाचली नाहीत असं ठरत नाही. मी वाचत होतो आणि ती डोळे मिटून पडलेली असायची. झोपली का, असं मी विचारायचो. कधी ती "हं" म्हणायची, कधी काही नाही. तरी मी वाचत राहायचो. तिने ऐकलं की नाही हे मला कुठूनही शोधता येत नव्हतं. मी ती पानं एकेक करून पाहिली. प्रत्येक पानावर थांबलो. एखादं वाक्य ओळखीचं वाटायचं, पण ते मोठ्याने वाचलेलं म्हणून की आताच नजर फिरली म्हणून, ते ठरेना. प्रोग्राम करून दिला तेव्हा ती "नाही म्हणणं महाग असतं" असं म्हणाली होती, दुधाच्या पिशवीनंतर. मला ते तेव्हा मशीनबद्दलचं बोलणं वाटलं होतं. अजूनही ते मशीनबद्दलचंच आहे, तिला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. तिच्या बोलण्यात नसलेलं काही मी त्यात घालू नये.

शेवटी मी दरडीच्या निरोपापासून पुन्हा सुरुवात केली. मोठ्याने वाचलं. काही भाग दोनदा वाचला गेला असेल. चालेल. शेजारच्यांना भिंतीतून ऐकू गेलं असेल तर त्यांनी काही म्हटलं नाही. रोज थोडं वाचत गेलो, आणि डॉक्टर, स्वयंपाकीण, पुतण्या सगळे दिवाणखान्यात जमले तिथे थांबलो.

मुलीने प्रोग्राम दुरुस्त करून दिला आहे. आता त्यात दुसरं बटण आहे, हातातलं पुस्तक सोडून आणखी प्रत आहे का ते विचारणारं. पहिलं बटण आहे तसं ठेवायला मी सांगितलं. रहस्यकथेचं नाव लिहून मी दोन्ही दाबून पाहिली. पहिलं म्हणालं आहे. दुसरं म्हणालं नाही. दोन्ही उत्तरं पटकन आली.

पुस्तक पलंगाशेजारच्या टेबलावर आहे. त्याची एकच प्रत आहे. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं आहे.